एकटा ठेवला की माणसाळतो

“एकच न्या. दोन नेलेत तर आपापसातच रमतात, तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. एकटा ठेवला की कसा छान माणसाळतो.”

२०२१च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका पेट शॉपमध्ये मला हा सल्ला मिळाला. दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. पिंजरा कसा धुवायचा, पाण्याची बाटली कुठे अडकवायची, सगळं त्यानं नीट समजावून सांगितलं. उंदराचे अडीचशे आणि बाकी सामानाचे दीड हजार देऊन मी एक दोन महिन्यांचा नर घरी आणला. अंग पांढरं आणि डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा रंग. नाव ठेवलं गुंड्या.

पुढचे सात महिने गुंड्या एकटा राहिला. उंदीर जगतो दोन ते तीन वर्षं. गुंड्या अठ्ठावीस महिने जगला. म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाव हिस्सा मी त्या एका सल्ल्यावर घालवला. नंतर कुतूहल म्हणून आणखी तीन दुकानांत विचारून पाहिलं. तिन्हीकडे थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळालं.

यातली खरी अडचण अशी की हा सल्ला खोटा नाही. एकटा ठेवलेला उंदीर खरंच माणसाळतो. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा माणसाळण्याला आपण प्रेम म्हणू नये, आणि कोणत्याही दुकानात ते ‘टिप’ म्हणून विकलं जाऊ नये.

एकच सर्व्हर

तेव्हा माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं. दोन्ही रूममेट गावी गेलेले. सकाळी साडेनऊच्या कॉलला मी लॅपटॉप उघडला की गुंड्या पिंजऱ्याच्या गजांना येऊन चिकटायचा. बोट पुढे केलं की चाटायचा. बाहेर काढला की बाहीतून आत शिरून दंडावर बसायचा. मी त्याची रील टाकली होती, ‘हा माझ्याशिवाय राहूच शकत नाही’. खाली बदामांचा पाऊस.

तो राहू शकत नव्हताच. दुसरं होतंच कोण? एखाद्या सिस्टममध्ये एकच सर्व्हर चालू असेल तर सगळ्या रिक्वेस्ट त्याच्यावरच येऊन आदळतात. त्याला आपण त्या सर्व्हरची लोकप्रियता म्हणत नाही. त्याच वर्षी माझ्या अप्रेझलमध्ये ‘नेहमी उपलब्ध असतो’ असं कौतुकानं लिहिलं गेलं होतं. मलाही तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं.

आणि उंदीर हा मुळात रात्रीचा प्राणी. मी बारा वाजता दिवा मालवायचो, तेव्हा त्याचा दिवस नुकता सुरू झालेला असायचा. रात्रभर त्या पिंजऱ्यात काय चालायचं ते मला माहीत नाही, कारण मी झोपलेला असायचो.

सहाव्या-सातव्या महिन्यात त्याच्या डोळ्यांभोवती लालसर काहीतरी दिसायला लागलं. मी घाबरलो, रक्तच वाटलं. व्हेटनं बघितलं आणि सांगितलं की हे रक्त नाही. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून लाल रंगाचा द्रव येतो. धडधाकट उंदीर अंग साफ करताना तो पुसून टाकतो. आजारपण किंवा ताण असला की तो साचलेला दिसतो. तिनं छाती ऐकली, वजन केलं, दात पाहिले. सगळं ठीक होतं. मग तिनं विचारलं, “याच्याबरोबर दुसरा कोण असतो?”

“मी असतो की.”

“दिवसातले किती तास?”

मी मनात हिशोब केला. मीटिंग, कोड, जेवण, झोप वजा करून उरलेला आकडा मला तिच्यापुढे म्हणायची लाज वाटली.

तोंड कुठे जातं ते बघा

हॉस्टेल सोडून चाललेल्या एका विद्यार्थ्याकडून मी दोन भाऊ आणले, दाद्या आणि बारक्या. इंटरनेटवर वाचून पद्धत शिकलो. आठवडाभर पिंजरे शेजारी शेजारी, रोज एकमेकांच्या कपड्यांची अदलाबदल, म्हणजे वासाची ओळख. मग जिथे तिघांपैकी कोणाचाच हक्क नाही अशी जागा. माझ्याकडे तशी एकच होती, बाथरूम.

पहिली वीस मिनिटं मी हातात जाड टॉवेल घेऊन उभा होतो. गुंड्याच्या अंगावरचे केस उभे राहिले. तो आडवा होत होत बारक्याच्या अंगावर गेला. दोघं मागच्या पायांवर उभे राहून कुस्तीत असल्यासारखे भिडले. बारक्या उताणा पडला आणि किंचाळायला लागला. दुकानदाराचं ‘भांडतात’ ते हेच असणार. इथेच बहुतेक लोक घाबरून उंदीर परत वेगळे करतात आणि सल्ला खरा ठरल्याचं समाधान मिळवतात.

खरं तर इथे बघायचं असतं ते तोंड कुठे जातंय. सर्जिओ आणि व्हिव्हियन पेलिस या कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांच्या खेळावर काही दशकं काम केलंय. खेळातल्या कुस्तीत उंदराचं लक्ष्य समोरच्याची मान असतं. मानेला तोंड लागलं की डाव जिंकला, चावा नाही. खऱ्या मारामारीत तोंड पाठीच्या मागच्या भागावर, कमरेकडे जातं, आणि तिथे दात रुततात. गुंड्याचं तोंड मानेवरच होतं. बारक्याला दाबून धरून तो त्याची मान जोरजोरात चाटत होता, आजी नातवाचं डोकं पकडून तेल थापते तसा. बारक्याला ते आवडत नव्हतं, पण लागतही नव्हतं. रक्ताचा एक थेंब सांडला नाही.

बाराव्या दिवशी तिघं एका पिंजऱ्यात गेले. जुन्या जीन्सच्या पायाची मी झोळी बांधली होती. त्या रात्री तिघं तिच्यात एकमेकांवर ढीग करून झोपले. गुंड्या सगळ्यात खाली, बारक्याचा पाय त्याच्या तोंडावर. सात महिन्यांत मी त्याचं अंग इतकं सैल पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला तो गजांपाशी आला नाही.

मला वाईट वाटलं. खोटं का बोलू? दुकानदाराचा शब्द खरा ठरला होता. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी दार उघडं ठेवलं तेव्हा तिघं बाहेर आले. गुंड्या माझ्या मांडीवर चढला, हातातला मटारचा दाणा घेतला, तिथेच बसून खाल्ला आणि दातावर दात घासायला लागला. उंदीर खूश असला की असं करतो आणि त्या घासण्यानं त्याचे डोळे गोट्यांसारखे आतबाहेर थरथरतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला भीतीच वाटते. सात महिन्यांत हे मी दोनदा पाहिलं असेल. आता आठवड्यातून दोनदा दिसायला लागलं. दहा मिनिटांनी तो उठून भावांकडे गेला. त्याला जायला जागा होती, तरी तो आधी माझ्याकडे आला होता.

‘उंदराला कसल्या भावना?’

कॉलेजच्या ग्रुपवर मी हे सांगितलं तेव्हा हा प्रश्न आलाच. इंजिनियरांच्या ग्रुपवर तो ठरलेल्या थाटात येतो. ‘भाई, सगळा केमिकल लोचा आहे. डोपामिन.’ बरं, मग गर्लफ्रेंड सोडून गेल्यावर तुम्ही तीन आठवडे जेवला नव्हता, तेव्हा काय वेगळा लोचा होता? केमिकल आहे म्हणून भावना नाही, असा नियम लावायचा तर तो सगळ्यांना लावा.

पुरावा हवा असेल तर तो जुना आहे. १९५९ साली रसेल चर्च या मानसशास्त्रज्ञानं उंदरांना अन्नासाठी दांडी दाबायला शिकवलं. मग दांडी दाबली की शेजारच्या उंदराला विजेचा झटका बसेल अशी व्यवस्था केली. उंदरांनी दांडी दाबणं कमी केलं. २०११मध्ये इनबाल बेन-अमी बार्टाल, जाँ डेसेटी आणि पेगी मेसन यांचा शिकागोतला प्रयोग ‘सायन्स’मध्ये छापून आला. एक उंदीर अरुंद नळीत कोंडलेला, त्याचा पिंजऱ्यातला सोबती बाहेर मोकळा. नळीचं दार कसं उघडायचं हे कोणी शिकवलेलं नाही. काही दिवसांत बहुतेक उंदरांनी ते शोधून काढलं आणि सोबत्याला सोडवायला सुरुवात केली. शेजारी चॉकलेटची दुसरी नळी ठेवली तरी त्यांनी दोन्ही उघडल्या, आणि पाचपैकी सरासरी दीड तुकडा सुटून आलेल्याच्या वाट्याला आला. दार उघडणाऱ्याला पाचही आधीच एकट्यानं खाता आले असते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो चांगला आहे. काही संशोधकांचं म्हणणं असं की यात दया वगैरे काही नाही. उंदराला सोबत हवी असते, म्हणून तो दार उघडतो. २०१५मध्ये जपानी संशोधकांनी पाण्यात अडकलेल्या सोबत्यासाठी दार उघडणारे उंदीर दाखवले, आणि सोबती कोरड्या जागेत असेल तर ते तसं करत नाहीत हेही दाखवलं. तेव्हा निव्वळ सोबतीची ओढ पुरेशी वाटत नाही. पण समजा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. समजा उंदीर फक्त सोबतीसाठी एवढी खटपट करतो, दिवसामागून दिवस, चॉकलेट शेजारी असताना. मग ज्या पिंजऱ्यात उघडायला दारच नाही आणि दारापलीकडे कोणी नाही, तिथे तो काय करत असेल? भावना नाकारणाऱ्यांचा हा युक्तिवाद एकट्या पिंजऱ्याच्या बाजूनं जात नाही. तो माझ्या बाजूनं साक्ष देतो.

बार्टाल यांनीच २०१६मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. उंदराला चिंता कमी करणारं औषध दिलं की तो कोंडलेल्या सोबत्यासाठी दार उघडत नाही, पण चॉकलेटसाठी उघडतो. अक्कल तीच, पंजे तेच. फक्त आतली तगमग गेलेली. हे वाचताना मला उंदरांपेक्षा आपलीच आठवण आली.

कानात सांगायचं, ऐकायचं नाही

मुंबईत सिद्धिविनायकाला गेलात तर चांदीचे दोन मोठे मूषक दिसतील. लोक रांग लावून त्यांच्या कानात मनातली इच्छा सांगतात. माझी आईही सांगून आली आहे. तिनं काय सांगितलं असणार याचा मला अंदाज आहे, ‘ह्याचं लग्न जमू दे’. उंदराच्या कानावर आपला एवढा भरवसा. उंदीर काय म्हणतो हे मात्र आपल्याला ऐकूच येत नाही, आणि हे मी शब्दशः म्हणतोय.

माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. उंदरांचं बरंचसं बोलणं त्याच्या वर चालतं. खेळताना आणि गुदगुल्या केल्यावर ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. जाक पांकसेप या शास्त्रज्ञानं १९९०च्या दशकाच्या शेवटी हे ऐकलं आणि त्याला हसण्याचा पूर्वज म्हटलं. तेव्हा अनेकांनी त्याची टिंगल केली. संकटात, भीतीत उंदीर २२ किलोहर्ट्झच्या आसपास लांब हाक देतो. २०१६मध्ये बर्लिनमधल्या शिंपेई इशियामा आणि मायकल ब्रेख्त यांनी दाखवलं की उंदराला उंच, उघड्या, झगझगीत उजेडातल्या फळीवर ठेवून गुदगुल्या केल्या तर तो फारसा हसत नाही. स्पर्श तोच, पण मन ठिकाणावर नाही.

गुंड्याचा पिंजरा सात महिने माझ्या टेबलापासून दोन हातांवर होता. मला तो ‘शांत स्वभावाचा’ वाटायचा.

अल्फा, युनिव्हर्स २५ आणि आपली सोसायटी

उंदरांचं नाव काढलं की आजकाल दोन प्रकारचे व्हिडिओ समोर येतात. एक ‘अल्फा’वाले. कळपात एक बाहुबली असतो, तो सगळ्यांना दाबतो, तूही तसा हो, कोर्सची लिंक खाली. तीन उंदीर पाळून बघा, हे खूळ महिनाभरात उतरतं. कुस्तीत गुंड्या जिंकायचा, पण जेवणाची वाटी दाद्याची. तो ती ओढत कोपऱ्यात न्यायचा आणि गुंड्या नुसता बघायचा. नवीन वस्तूकडे सगळ्यात आधी जायचा तो बारक्या, तिघांत सगळ्यात चेपलेला. आणि मोठा नेहमीच दाबत राहिला तर धाकटा खेळायला येणंच बंद करतो. गुंड्याला हे आठवड्यात कळलं. तो मधूनच मुद्दाम उताणा पडायचा.

दुसरे ‘युनिव्हर्स २५’वाले. स्वर्ग दिला तरी उंदीर एकमेकांना खाऊन संपले, माणसाचंही असंच होणार. पहिली गोष्ट, जॉन कॅलहूनचा तो १९६८चा प्रयोग मोठ्या उंदरांवर नव्हताच, तो घरात दिसणाऱ्या पिटुकल्या उंदरांच्या जातीवर होता. दुसरी गोष्ट, आठ जणांपासून बावीसशेपर्यंत गर्दी झाली तरी तिथून बाहेर पडायला वाट नव्हती. ज्या घराचं दार उघडत नाही त्याला स्वर्ग म्हणणारा माणूस बिल्डरच असू शकतो. त्या प्रयोगावरून ‘उंदरांना एकत्र ठेवू नये’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे विरारच्या लोकलमधली चेंगराचेंगरी बघून माणसानं एकटं राहावं म्हणण्यासारखं आहे.

मला विचाराल तर ज्याची रील व्हायला हवी असा प्रयोग २०१४चा आहे, पुन्हा बार्टाल आणि सहकाऱ्यांचा. उंदीर आपल्या जातीच्या अनोळखी उंदराला सोडवतो, वेगळ्या जातीच्या अनोळख्याला सोडवत नाही. इथपर्यंत वाचून काही जणांना बरं वाटेल, बघा, निसर्गातच आहे. पुढे वाचा. पांढऱ्या पिल्लाला जन्मल्या जन्मल्या काळ्या डोक्याच्या उंदरांत वाढवलं, तर मोठं झाल्यावर ते काळ्या डोक्याच्या अनोळख्याला सोडवतं आणि स्वतःच्या पांढऱ्या जातीच्या अनोळख्याला सोडवत नाही. मोठ्या उंदराला दुसऱ्या जातीच्या एका उंदरासोबत दोन आठवडे ठेवलं, तरी तो त्या जातीच्या परक्यांना मदत करायला लागतो. आपलं कोण हे रक्तात लिहिलेलं नाही, एका पिंजऱ्यात कोणाबरोबर राहिलात यावर ते ठरतं. पुण्यात फ्लॅट शोधताना मला आडनाव आणि आहार विचारणाऱ्या सगळ्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर हा पेपर चिकटवायची माझी इच्छा आहे. तिथल्या सभासदांना दोन आठवडेही लागणार नाहीत असं मला वाटतं, पण सुरुवात कोणी करू देत नाही.

ज्वारी खाणारे उंदीर

आता शेवटचा आक्षेप, आणि तो मला घरातूनच आला. आमचं गाव परभणीकडचं. कणगीतली ज्वारी उंदरांनी फस्त केल्याचं आजीनं आयुष्यभर बघितलंय. ती सापळा लावते आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर टाकते. लेप्टोमुळे मुंबईत दर पावसाळ्यात लोक दगावतात. अशा ठिकाणी पाळीव उंदरांच्या भावना म्हणजे आयटीवाल्यांचे चोचले नाहीत का?

आजीच्या सापळ्यावर मी बोलणार नाही. धान्य तिचं आहे. चिकट पुठ्ठ्यावर उंदराला दोन दिवस तडफडत ठेवणं मला मान्य नाही, पण तो वेगळा लेख होईल. शत्रू म्हणून मारणारा निदान त्याला शत्रू म्हणतो. मी गुंड्याला ‘सोबती’ म्हणून आणलं आणि एकट्याला डांबलं. जबाबदारी आणणाऱ्याची वाढते, मारणाऱ्याची नाही.

‘माझं बाळ’ म्हणून त्याला टोपडं घालणाऱ्यांनाही हेच लागू. उंदराला तुमचं बाळ व्हायचं नसतं. त्याला मान चाटणारं आणि रात्री अडीचला जागं असणारं कोणीतरी हवं असतं. ते काम तुम्हाला जमणार नाही, कितीही जीव लावलात तरी.

मागणी

प्राण्यांशी क्रूरतेला आळा घालणारा आपला कायदा १९६०चा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणजे गुंड्याच्या किमतीच्या पाचवा हिस्सा, तोही जास्तीत जास्त. पेट शॉपसाठी २०१८मध्ये वेगळे नियम आले, दुकानानं नोंदणी केली पाहिजे असं ते सांगतात. आपापल्या भागातलं दुकान नोंदलेलं आहे का, हे विचारून बघा आणि दुकानदाराचा चेहरा बघा. स्वित्झर्लंडनं २००८च्या नियमांत लिहून टाकलं की समूहात राहणाऱ्या प्राण्याला त्याच्या जातीची सोबत मिळालीच पाहिजे. आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होईल. दुकानाला उंदीर जोडीशिवाय विकायचा नाही असं ठरवायला कायदा लागत नाही.

जोडी म्हणजे दोन नर किंवा दोन माद्या. नर-मादी नेलेत तर तीन आठवड्यांत पाळणा हलतो आणि दहा-बारा पिल्लं होतात. काही उंदीर खरंच एकत्र राहू शकत नाहीत. आजारी, म्हातारे, चावरे. त्यांचा अपवाद व्हेटनं ठरवावा, दुकानदारानं नाही. आणि दोन ठेवायची ऐपत किंवा जागा नसेल तर एकही नेऊ नका. हे ऐकायला कठोर वाटेल. सात महिने काढलेल्याला तितकं वाटणार नाही.

गुंड्या गेला तेव्हा झोळीत होता, दोघांच्या मध्ये. सकाळी मी त्याला उचललं तर बारक्या माझ्या मनगटापर्यंत त्याला हुंगत वर आला. पुढचे दोन दिवस दोघं झोळीत गेले नाहीत, खाली भुशात झोपले. याला दुःख म्हणायचं का, यावर ग्रुपवर वाद घालायला माझी हरकत नाही.

नंतर आजी पुण्याला आली होती. पिंजऱ्यासमोर बसून तिनं उरलेल्या दोघांना बराच वेळ न्याहाळलं. मी तिला पहिल्या सात महिन्यांचं सांगितलं. ती म्हणाली, “येकटाच व्हता? आन् मंग रातच्याला काय करायचा रे?”

पुढच्या वेळी पेट शॉपमध्ये काचेमागे एकटा बसलेला उंदीर दिसला, तर किंमत विचारू नका. त्याच्याबरोबर दुसरा कुठे आहे, ते विचारा.